तरफेची कडाबीन व पांढऱ्या शेपटीचें हरिण

कडाबीन हा शब्द जुन्या मराठी कागदांशीं परिचय असलेल्या वाचकांस नवा नाहीं. आखूड नळीची, घोडेस्वारास खोगिरावरून हाताळतां येईल अशी बंदूक, असा त्याचा अर्थ. व युरोपीय भाषांतील 'कार्बाइन' या शब्दाशीं त्याचें नातें उघड आहे. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय आपल्या दफ्तरांतील कडाबीन नव्हे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेलीं सव्वाशें वर्षें हरणाच्या शिकारीस जी तरफेची कडाबीन वापरली जात आहे, तिचा येथें विचार करावयाचा आहे. असा परका विषय या पृष्ठांत कां, असें कोणी विचारील. वस्तूवर कोरलेला लेख वाचून तिचा काळ ठरवावयाचा व तो रूढ कथेशीं ताडून पाहावयाचा, ही जी आपली नित्याची रीत, तिला या बंदुकीइतकें बोलकें उदाहरण क्वचित् सांपडेल, एवढेंच त्यास उत्तर आहे. या बंदुकीविषयीं दोन समज प्रचलित आहेत. तिनें अमेरिकेचा पश्चिम प्रदेश जिंकला, हा एक. व अशा भराभर बार काढणाऱ्या बंदुकांनींच तेथील हरणें संपत आलीं, हा दुसरा. पुरावा दोहोंसही प्रतिकूल आहे, असें आमचें मत आहे.

प्रथम घडणीविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. चापाभोंवतालचें जें लोखंडी कडें, तेंच मागें लांबवून त्याची तरफ केलेली असते. ती बोटांनीं खालीं व पुढें ढकलली कीं रिकामें काडतूस बाहेर फेंकलें जातें व घोडा चढतो. परत ओढली कीं नवें काडतूस नळींत बसतें. दस्ता खांद्यावरून न काढतां हें सर्व होतें. काडतुसें नळीखालच्या दुसऱ्या एका नळींत एकामागें एक निजलेलीं असतात. या कल्पनेस टिकाऊ रूप दिलें तें बेंजामिन टायलर हेन्री या कारागिरानें. त्याचें पेटंट १६ आक्टोबर १८६० चें आहे. त्याचा धनी ऑलिव्हर विंचेस्टर हा मूळचा सदऱ्यांचा कारखानदार. १८६६ सालीं त्यानें स्वतःच्या नांवाची कंपनी उभारली, व त्याच सालच्या बंदुकीस बाजूची झडप बसविण्यांत आली, जिच्यांतून काडतुसें भरणें सोपें झालें. पुढें १८७३ चा प्रसिद्ध नमुना निघाला. त्याच्या काडतुसांत ४० ग्रेन काळी दारू व २०० ग्रेनची गोळी असे. हरणास ती पुरी पडे, परंतु जवळूनच.

खरा पालट झाला तो १८९४ च्या नमुन्यानें. त्याचा कर्ता जॉन मोझेस ब्राउनिंग, यूटा प्रांताचा रहिवासी. पेटंटाची तारीख २१ ऑगस्ट १८९४. पहिल्या वर्षीं ही बंदूकही काळ्या दारूच्या काडतुसांसाठींच होती. १८९५ सालीं मात्र निकेल-पोलादाची नळी घालून बिनधुराच्या दारूचें काडतूस तिच्याकरितां काढण्यांत आलें. दारू ३० ग्रेन, गोळी १६० ग्रेन, वेग सेकंदास सुमारें १,९७० फूट, असें त्याचें मूळ प्रमाण होतें. यालाच पुढें 'थर्टी-थर्टी' हें नांव पडलें. पहिले तीस नळीच्या व्यासाचे, म्हणजे इंचाचे शतांश. दुसरे तीस दारूच्या ग्रेनांचे. या नांवामागें व्यापारी स्पर्धेची एक गंमत आहे. विंचेस्टर कंपनी या काडतुसास आपलें नांव जोडीत असे. मार्लिन या प्रतिस्पर्धी कंपनीस आपल्या बंदुकीवर वैऱ्याचें नांव कोरणें कसें रुचावें? तिनें नुसते दोन आंकडे कोरले, व जगानें तेच उचलले.

कडाबिनीची नळी २० इंच लांब, वजन साधारण साडेसहा रत्तल. खोगिराच्या बाजूस अडकविण्यासाठीं जुन्या नगांना डाव्या अंगास एक कडी असते. आतां तिच्या आखूड पल्ल्याविषयीं. पुष्कळांस असें वाटतें कीं नळी आखूड म्हणून पल्ला आखूड. तें खरें कारण नव्हे. काडतुसें एकामागें एक निजलेलीं असतात, हें वर सांगितलेंच आहे. म्हणजे मागच्या गोळीचें टोंक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टेकतें. टोंक अणकुचीदार केलें तर धक्क्यासरशीं टोपी फुटून आंतल्या आंत बार होण्याची भीति. म्हणून गोळीचें टोंक बोथट ठेवावें लागलें. आणि बोथट गोळीस वारा फार अडवितो. १०० वारांवर नेम बसविला तर २०० वारांवर ती सुमारें ८ इंच खालीं उतरते. तेव्हां दीडशें वार ही शहाण्या शिकाऱ्याची मर्यादा झाली. सॅव्हेज कंपनीच्या १८९९ च्या बंदुकींत काडतुसें फिरत्या चक्रांत ठेवून ही अडचण टाळली होती, व बंदूक म्हणून ती सरसच होती; तरी संख्येनें तिनें १८९४ ची बरोबरी कधींच केली नाहीं. लवचिक टोंकाची अणकुचीदार गोळी निघून नळीच्या बंदुकीची ही अडचण कांहीं अंशीं दूर झाली ती एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत.

सरस वस्तु मागें पडून उणी वस्तु पुढें कां गेली, याचें उत्तर रानांत आहे. न्यूयॉर्क संस्थानांतील ॲडिरॉन्डॅक डोंगर, पेनसिल्व्हेनियाच्या लांबट रांगा, मेन व उत्तर मिशिगन येथील अरण्यें, हा या शिकारीचा मुख्य मुलूख. मेपल, बीच व हेमलॉक यांची दाट झाडी. खालीं झुडुपें व पडलेले ओंडके. तेथें हरिण दिसतें तेंच पन्नास-साठ वारांवर, आणि तेंही दोन खोडांच्या मधल्या फटींतून. हें हरिण आपल्या काळविटाच्या जातीचें नव्हे; चितळ-सांबरांप्रमाणें नराचीं शिंगें दरसाल गळून नवीं येणारें आहे. भिऊन उधळलें म्हणजे शेपूट उभारतें, व तिची खालची पांढरी बाजू निशाणासारखी झळकते. शिकारी तें निशाण पाहतो तेव्हां बहुधा उशीर झालेला असतो.

शिकारीचा हंगाम शरद् ऋतूच्या उतारास, बहुतेक ठिकाणीं नोव्हेंबरांत. रीति मुख्यतः तीन. वाऱ्याकडे तोंड करून दहा पावलें चालावें व तितकाच वेळ उभें राहावें, ही पहिली. हरणांच्या नित्याच्या वाटेवर दबा धरून बसावें, ही दुसरी. आणि गांवच्या मंडळींनीं मिळून हाका घालावा, ही तिसरी, जी आपल्याकडील वाचकांस सांगावयास नकोच. बर्फ पडलें असल्यास मागावर जातां येतें. कोणत्याही रीतींत बंदूक खांद्याशीं नेऊन बार काढण्यास दोन-तीन क्षणांपेक्षां अधिक अवकाश नसतो. लांब नळी फांद्यांत अडते, जड बंदूक दिवसभर हातांत पेलवत नाहीं. कडाबीन चपटी व हलकी, मधोमध एका हातानें धरतां येण्याजोगी. खांद्यामागें फुप्फुसांवर नेम धरून शंभर वारांच्या आंत मारलेली तिची गोळी हरणास पुरेशी होते. पहिला बार फांदीस लागला तर दुसरा तयार असतो. दूरवर मारतां न येणें हा दोष ज्या रानांत दूरचें दिसतच नाहीं तेथें दोष राहत नाहीं. या बंदुकीचा पल्ला कारखान्यांत ठरला असला तरी तिचें नशीब झाडीनें ठरविलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां पहिल्या समजाकडे वळूं. ब्राउनिंगच्या पेटंटाची जी तारीख वर दिली, ती या बंदुकांवर कोरलेली असते, व नवशिके संग्राहक तीच बंदुकीच्या जन्माची तारीख धरून चालतात. ही चूक आपल्या परिचयाची आहे. पुढें वर्षानुवर्षें चाललेल्या शिक्क्यावरील राज्यारोहणाचा शक कागदाच्या मित्तीच्या जागीं धरावा, तशांतलीच. खरा काळ अनुक्रमांकावरून काढावा लागतो. यासाठीं कारखान्याचें जुनें दफ्तर वायोमिंग संस्थानांतील कोडी येथील संग्रहालयांत जतन झालें आहे, ही मोठीच सोय. १८९४ च्या नमुन्याच्या आरंभींच्या सुमारें साडेतीन लाख नगांच्या नोंदी तेथें मिळतात. नळीची जात, काडतूस, वखारींतून माल बाहेर पडल्याची तारीख, असा त्यांचा मजकूर असतो. अंक कोरल्याचा दिवस व माल रवाना झाल्याचा दिवस यांत कधीं कधीं बरेंच अंतर पडतें, आणि जुन्या छापील याद्यांतील सालें मूळ नोंदींशीं नेहमीं जुळतात असेंही नाहीं. पत्र लिहिल्याची व पावल्याची तारीख वेगळी मांडणाऱ्या आपल्या कारकुनांची आठवण येथें झाल्यावांचून राहत नाहीं.

या रीतीनें पाहिलें म्हणजे काय दिसतें? १८९० च्या खानेसुमारीवरून अमेरिकन सरकारनेंच नमूद केलें कीं वसाहतीची सलग सीमारेषा म्हणून आतां दाखविण्यासारखी उरली नाहीं. म्हणजे पश्चिम प्रदेश 'जिंकून' झाल्यावर चार वर्षांनीं या बंदुकीचें पेटंट निघालें. 'पश्चिम जिंकणारी बंदूक' हें वाक्यही १८७३ च्या नमुन्याला उद्देशून रूढ झालें, व तें कंपनीच्या जाहिरातखात्यानें १९१९ च्या सुमारास प्रचारांत आणलें. जाहिरातीचें वाक्य बखरीच्या वाक्यापेक्षां अधिक विश्वसनीय मानण्याचें कारण नाहीं. चित्रपटांनीं या घोटाळ्यांत भर घातली. १९३९ च्या 'स्टेजकोच' या गाजलेल्या बोलपटांतील कथा १८८० ची, आणि नायकाच्या हातीं तरफेची जी आखूड बंदूक आहे ती १८९२ च्या नमुन्याची! १८९४ ची कडाबीन पश्चिमेंत गेली नाहीं असें नव्हे. गुराख्यांच्या खोगिरास ती हमखास असे. पण तिनें जो मुलूख व्यापला तो वसलेला होता. शेतकरी, लांकूडतोडे, खाणकामगार हे तिचे धनी होते, आणि हरिण हें तिचें काम.

दुसरा समज अधिक गंभीर आहे, कारण त्याच्या बाजूनें एक खरी गोष्ट आहे. १९०० च्या सुमारास पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या अदमासें ३ ते ५ लाखांवर आली होती, व कित्येक संस्थानांत तीं दिसेनाशीं झालीं होतीं. कडाबीन पांच-सहा वर्षांची झाली आणि हरिण तळास गेलें. दोन गोष्टी शेजारीं मांडल्या कीं कार्यकारणभाव आपोआप सुचतो. परंतु मागील कागद पाहावे. १६९९ ते १७१५ या काळांत एकट्या चार्ल्स्टन बंदरांतून दरसाल सरासरी ५०,००० हून अधिक हरणांचीं कातडीं इंग्लंडास जात. तीं ठासणीच्या, चकमकीच्या बंदुकांनीं मिळविलेलीं होतीं, व मिळविणारे बहुतांशीं मूळचे अमेरिकन रहिवासी होते, ज्यांस त्यांच्या बदल्यांत कापड, दारूगोळा व मद्य मिळे. पुढें एकोणिसाव्या शतकांत आगगाडी झाली, शहरांत मांसाचे बाजार झाले, जंगलें तोडून शेतें झालीं. बाजारासाठीं मारणारा मनुष्य कुत्रीं लावी, रात्रीं दिवा दाखवून हरिण मारी, फांसे टाकी. त्यास तरफेच्या बंदुका मिळाल्या तेव्हां त्यानें त्याही वापरल्या, हें नाकबूल करण्यांत अर्थ नाहीं. पण तोंपर्यंत नाशाचें बहुतेक काम उरकलें होतें.

आणि पुढचा भाग तर या समजास सरळ छेद देतो. २५ मे १९०० रोजीं लेसी कायद्यानें संस्थानाचा नियम मोडून मारलेल्या जनावरांचा आंतरसंस्थानी व्यापार गुन्हा ठरला. पेनसिल्व्हेनियानें १९०६ पासून बाहेरून हरणें आणून सोडलीं, १९०७ सालीं शिंगें असलेला नरच मारावा असा कायदा केला, व आपोआप भरणाऱ्या बंदुकांस शिकारींत बंदी घातली. तरफेच्या बंदुकीस घातली नाहीं. ओसाड पडलेल्या शेतांत झाडी परत आली. लांडगे व प्यूमा पूर्वींच नाहींसे झाले होते, ही दुःखाची बाबही हरणांच्या पथ्यावरच पडली. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानें बंदुका व काडतुसें यांवरील कराचें उत्पन्न वन्य प्राण्यांच्या रक्षणास लावलें. याच काळांत कडाबिनी किती विकल्या गेल्या? दहा लाखावा नग १९२७ सालीं राष्ट्राध्यक्ष कूलिज यांस नजर झाला, पंधरा लाखावा १९४८ सालीं ट्रूमन यांस, वीस लाखावा १९५३ सालीं आयझेनहॉवर यांस. एकंदर संख्या पुढें सत्तर लाखांवर गेली. आणि हरणें? आज त्यांची गणना अडीच-तीन कोटींच्या घरांत करतात. बंदुका वाढत गेल्या आणि हरणेंही वाढत गेलीं. यावरून बंदुकीनें हरणें वाढविलीं असा उलटा निष्कर्ष कोणी काढूं नये. तो पहिल्याइतकाच आंधळा होईल. संख्या ठरविली ती बाजार, कायदा व झाडी या तिघांनीं.

न्यू हेवनचा कारखाना २००६ सालीं बंद पडला. त्यानंतर कांहीं वर्षांनीं जपानांतील मिरोकू कारखान्यांत हाच नमुना पुन्हां होऊं लागला, व त्यावर विंचेस्टरचेंच नांव असतें. खरेदी करणारांनीं इकडे लक्ष द्यावें. जुन्या नगांत १९१४ नंतरच्या महायुद्धांत फ्रान्स व ब्रिटनचें आरमार यांनीं घेतलेल्या, व दुसऱ्या महायुद्धांत कॅनडानें किनाऱ्याच्या पहाऱ्यासाठीं घेतलेल्या कडाबिनींवर वेगळ्या खुणा आढळतात. आपल्याकडे हरणाची शिकार कायद्यानें बंद आहे, तेव्हां अशी बंदूक एखाद्या जुन्या संस्थानी सिलेखान्यांत अथवा घराण्याच्या संग्रहांत निघाल्यास ती पुराव्याची वस्तु म्हणूनच हाताळावी. खालच्या बाजूचा अनुक्रमांक, नळीवरील संपूर्ण लेख, घोड्यामागील पट्टीवरील मजकूर आणि खोगिराची कडी आहे कीं नाहीं, एवढ्यांची हुबेहूब नक्कल घ्यावी, ठसा उमटत असल्यास ठसाही घ्यावा, आणि तें होईपर्यंत गंज काढण्याच्या हौसेनें कानस अथवा वाळूचा कागद तिला लावूं नये.