भिखारी ठाकूर आणि बिदेसिया

भोजपुरी प्रदेशाचा गेल्या दोन शतकांचा इतिहास हा बऱ्याच अंशी घर सोडून गेलेल्या पुरुषांचा इतिहास आहे. सारण, शहाबाद, बलिया, गाझीपूर या जिल्ह्यांतील माणसे १८३४ पासून मॉरिशसच्या आणि पुढे त्रिनिदाद, सुरिनाम व फिजीच्या उसाच्या मळ्यांत ‘गिरमिटिया’ म्हणून गेली. १९१७ मध्ये ही करारबद्ध मजूरभरती थांबली, परंतु कलकत्त्याच्या तागगिरण्या, आसामचे चहामळे आणि झरियाच्या कोळसाखाणी तिकडील माणसे ओढून घेतच राहिल्या. साहेबांच्या दप्तरांत जाणाऱ्यांची नावे, वय, जात, उंचीसुद्धा नोंदलेली सापडते. मागे राहिलेल्या स्त्रीची नोंद मात्र कोणत्याच कचेरीने ठेवली नाही. ती ठेवली गाण्यांनी. आणि त्या गाण्यांना रंगभूमीचे रूप दिले ते भिखारी ठाकूर यांनी.

त्यांचा जन्म १८ डिसेंबर १८८७ रोजी कुतुबपूर या गावी, नाई कुटुंबात झाला. गंगेच्या दियारातील, म्हणजे पुराच्या गाळाने घडणाऱ्या व मोडणाऱ्या जमिनीवरील हे गाव आज सारण जिल्ह्यात आहे. वडिलांचे नाव दलसिंगार ठाकूर, आईचे शिवकली देवी. शाळेत मन रमले नाही. बालपण गुरे राखण्यात गेले. अक्षरओळख झाली ती पुढे, गावातल्याच एका वाण्याच्या मुलाकडून, आणि तीही कैथी लिपीची. आपल्याकडील मोडीप्रमाणे कैथी ही कारकुनांची व हिशेबाची लिपी. भिखारींनी पोथीची नागरी सोडून या व्यवहारलिपीत लिहिले, ही बाब त्यांच्या साहित्याविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

पोटासाठी तेही परमुलखी गेले. खरगपूरच्या बाजूला हजामतीचा धंदा करीत असताना त्यांनी रामलीला पाहिली. कलकत्ता आणि जगन्नाथपुरीही पाहिली. गावी परतल्यावर त्यांनी प्रथम रामलीलेची आणि नंतर, वयाच्या तिशीच्या सुमारास, नाचाची मंडळी उभी केली. आईवडिलांचा नाचाला विरोध होता आणि आपण लपूनछपून जात असू, हे त्यांनी आपल्या पद्यात्मक आत्मकथनात मोकळेपणी नोंदवले आहे.

येथे ‘नाच’ या शब्दाचा अर्थ नुसते नृत्य असा घेता येत नाही. लग्नाच्या वरातीबरोबर येणारी मंडळी, उघड्यावरचा शामियाना, हार्मोनियम, ढोलक, सारंगी आणि झाल, स्त्रीवेषातले ‘लौंडे’ आणि पहाटेपर्यंत चालणारा खेळ असा हा संसार होता. तमाशातील नाच्या ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तो परका वाटणार नाही. पठ्ठे बापूरावांशी तुलना केली तर मात्र मोठा फरक दिसतो. कुलकर्णी घराण्यातील बापूराव (१८६६–१९४५) आपले ब्राह्मण्य सोडून फडात उतरले. भिखारींना सोडण्यासारखे काही नव्हतेच. दोघांच्याही वाट्याला प्रतिष्ठितांची नाके मुरडणे आले, पण एकाची निंदा भ्रष्टतेबद्दल आणि दुसऱ्याची आगाऊपणाबद्दल झाली.

‘बिदेसिया’ हे त्यांचे सर्वाधिक गाजलेले नाटक. बिदेसी कलकत्त्यास जातो आणि तेथे दुसऱ्या स्त्रीशी संसार मांडतो. गावी उरलेली प्यारी सुंदरी एका बटोहीबरोबर, म्हणजे वाटसरूबरोबर, निरोप धाडते. बटोही त्याला शोधून काढतो व परत पाठवतो. पाठोपाठ शहरातली ती दुसरी स्त्रीही मुले घेऊन गावी येते, आणि प्यारी तिला घरात घेते. हा शेवट समजुतीचा खरा. परंतु रखेलीलाही टाकलेली बाई म्हणून पाहण्याची दृष्टी त्या काळच्या सुधारकी नाटकांतही क्वचितच दिसते. बटोहीचे पात्र तर अधिकच अर्थपूर्ण आहे. लग्नाकार्याची आवतणे आणि निरोप गावोगाव पोहोचवणे हे तिकडे नाईचेच परंपरागत काम. जातीने लादलेली ही निरोप्याची भूमिका भिखारींनी नाटकाच्या मध्यभागी आणून बसवली.

‘बेटी-वियोग’मध्ये पैसे घेऊन म्हाताऱ्याला दिलेल्या मुलीचा आक्रोश आहे. ‘बेटी बेचवा’ या नावाने लोक तो ओळखत. ‘गबरघिचोर’मध्ये परदेशाहून वर्षांनी परतलेला नवरा, मुलाचा जन्मदाता आणि आई असे तिघे एका मुलावर हक्क सांगतात, पंच त्याचे तीन तुकडे करण्याचा निवाडा देतात आणि आई आपला हक्क सोडते. ब्रेख्तच्या खडूच्या वर्तुळाची आठवण समीक्षकांना होते ती येथे. ‘विधवा-विलाप’, ‘भाई-विरोध’, ‘गंगा-स्नान’ हीदेखील घरातल्याच दुःखांची नाटके. स्वातंत्र्यचळवळ त्यांत जवळजवळ नाही. हा दोष मानणाऱ्यांनी त्यांचा प्रेक्षक कोण होता, हे आधी लक्षात घ्यावे.

राहुल सांकृत्यायनांनी त्यांना भोजपुरीचे शेक्सपिअर म्हटले. गौरवाचे हे विशेषण पुढे इतके घासले गेले की त्याआड खुद्द भिखारी दिसेनासे झाले. त्यांची भक्तिपर पदे, ‘नाई बहार’सारखी आपल्या जातीविषयीची रचना आणि मंडळीचे नायक म्हणून केलेले अखंड भ्रमण यांकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. १९६३ च्या ‘बिदेसिया’ या चित्रपटात ते स्वतः पडद्यावर दिसतात. १० जुलै १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

नंतर पाटण्याच्या रंगकर्मींनी, विशेषतः सतीश आनंद आणि संजय उपाध्याय यांनी, बिदेसिया शहरी रंगमंचावर आणला. हिंदी कथाकार संजीव यांनी त्यांच्या जीवनावर ‘सूत्रधार’ ही कादंबरी लिहिली. लहानपणीच भिखारींच्या मंडळीत दाखल झालेले दलित कलावंत रामचंद्र मांझी उतारवयातही स्त्रीवेषात उभे राहत. त्यांना २०१७ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२२ मध्ये ते वारले.