मुलाची मानसशास्त्रीय तपासणी : कोणती करायची आणि कोणत्या भाषेत?

शाळेतून निरोप येतो, ‘मुलाची टेस्ट करून घ्या.’ कसली टेस्ट, ते कुणी सांगत नाही. मग पालक आयक्यू काढून आणतात आणि मूळ प्रश्न तसाच राहतो.

सगळ्यात आधी कान आणि डोळे तपासून घ्यावेत. त्यानंतर अडचण काय आहे, त्यावर तपासणी ठरते. लहान मूल उशिरा बोलत असेल तर बालरोगतज्ज्ञ किंवा सरकारी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात विकासाची तपासणी होते. नजरेला नजर देत नसेल, एकटंच खेळत असेल तर ऑटिझमची. मूल फार चंचल असेल, तर त्यासाठी एकच अशी कागदी परीक्षा नाही. घरचं आणि शाळेतलं, दोन्हीकडचं वागणं विचारूनच निदान होतं. बोलण्यात हुशार, पण वाचन-लेखनात अडकतं, अशा मुलाला बुद्ध्यांकाबरोबर अध्ययन अक्षमतेची चाचणी लागते. त्यासाठी बेंगळुरूच्या निम्हान्सची चाचणी बरीच वापरली जाते. या अक्षमतेचं प्रमाणपत्र वयाच्या ८ वर्षांनंतरच मिळतं.

आपल्याकडे खरी गोची भाषेची. घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी. बडोद्यात गुजराती, हैदराबादेत तेलुगू, एवढाच फरक. न कळणाऱ्या भाषेत शब्दांचे प्रश्न विचारले तर मोजली जाते ती भाषा, बुद्धी नव्हे. बिने-कामत चाचणी १९३०च्या दशकात मुंबई-कर्नाटक भागातल्या मराठी आणि कन्नड मुलांसाठीच बेतली गेली होती, ती यामुळेच. रेव्हनची चाचणी चित्राकृतींची असल्याने भाषेचा अडसर कमी. पण तिच्यावरून वाचनाबद्दल काहीच कळत नाही. म्हणून बुद्ध्यांक घरच्या भाषेत आणि वाचन शाळेच्या माध्यमात तपासलेलं बरं. मूल नुकतंच माध्यम बदलून आलं असेल, तर ते आधीच सांगावं. नाहीतर नव्या भाषेची अडचण अक्षमता म्हणून नोंदली जायची.

वेळ घेतानाच फोनवर विचारा : चाचणी कोणत्या भाषेत घेणार? तज्ज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहेत का? अहवालावर नोंदणी क्रमांक हवाच. मात्र खासगी अहवाल म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. ते सरकारने नेमलेल्या वैद्यकीय मंडळाकडून मिळतं. त्यावर निघणारं यूडीआयडी कार्ड देशभर चालतं, पण परीक्षेतल्या सवलती बोर्डागणिक वेगळ्या असतात. राज्य बदलणार असाल तर नव्या शाळेत प्रवेशाआधीच याची चौकशी करावी.