घमापूरच्या छतावरची मंडळी

आमच्या नानांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, कॅक्टसवाल्या मंडळींना कधी नाव नव्हतं. पावतीपुस्तक नाही, अध्यक्ष नाही, वार्षिक सभा तर नाहीच. रविवारी दुपारी जबलपूरच्या घमापुरात कुणाच्या तरी छतावर चार-सहा जण जमायचे. प्रत्येकाच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला एखादा काटेरी तुकडा असायचा, आणि चहा संपेपर्यंत या पिशवीतला तुकडा त्या पिशवीत गेलेला असायचा. घरात त्यांना सगळे ‘छतावरची मंडळी’ म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते.

जबलपुरात मराठी माणूस तसा जुना. १७९८च्या सुमारास हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७च्या अखेरीस इंग्रजांनी घेतला. मुंबईकडचे रूळ आणि कलकत्त्याकडचे रूळ १८७० साली इथेच जुळले. मग १९०४ साली गन कॅरेज फॅक्टरी निघाली, आणि आमच्यासारखी कितीतरी बिऱ्हाडं त्या भोंग्याच्या ओढीने आली. आमचे पणजोबा नेमके केव्हा आले यावर घरात एकमत नाही. माई, म्हणजे माझी आजी, म्हणायची की त्रिपुरी काँग्रेसच्या आधी. नाना म्हणायचे नंतर. पण १९३९च्या त्या अधिवेशनात तापाने फणफणलेल्या सुभाषबाबूंच्या जागी त्यांची तसबीर रथात ठेवून बावन्न हत्तींनी ओढली, हे दोघंही डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगायची. तेव्हा माईचं म्हणणं खरं धरायला हरकत नाही. शिवाय तारखांच्या बाबतीत माई सहसा चुकत नसे.

नानांना काट्यांची ओढ लागली ती त्यांच्या आईमुळे. पणजी साताऱ्याकडची. तिच्या माहेरी गावाभोवती फड्या निवडुंगाची वई होती, माणूस बुडेल एवढी उंच. त्याची लाल बोंडं दगडावर घासून वरची कुसळं काढायची नि मग खायची. ओठ, हात, परकर सगळं रंगायचं. दुष्काळात फडे विस्तवावर धरून काटे जाळायचे आणि गुरांना घालायचे. मग एका साली वईवर पांढरा कापूस बसला. तो चिरडला की बोटं कुंकवात बुडवल्यासारखी लाल होत. बघता बघता सगळी वई बसली. पणजीच्या मते तो देवीचा कोप होता.

पुढे नानांनी कुठेकुठे वाचून या कोपाचा छडा लावला. फड्या निवडुंग मुळात आपला नव्हेच, तो अमेरिकेतून आलेला. कंपनी सरकारला लाल रंगाचा धंदा करायचा होता, म्हणून १७९५ साली निवडुंगावर जगणारे किरमिजी किडे ब्राझीलहून कलकत्त्याला आणले. जात चुकीची निघाली. रंग हलका मिळाला, पण त्या किड्यांनी एका जातीचा निवडुंग फस्त केला. तो धडा लक्षात ठेवून १९२६ साली दुसऱ्या जातीचे किडे श्रीलंकेतून मुद्दाम आणून रान माजवणाऱ्या फड्यावर सोडले, आणि पाच-सहा वर्षांत दक्षिणेतली हजारो हेक्टर जमीन मोकळी झाली. पणजीच्या वईला लागले ते हेच किडे असणार. नानांनी तिला हे समजावून सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली म्हणे, “बोंडं फार गोड होती रे.”

फॅक्टऱ्यांमुळे आमच्या भागात सगळा हिंदुस्थान गोळा झालेला. छतावर म्हणूनच बंगाली दादा होते, खमरियाच्या फॅक्टरीतले तमिळ अण्णा होते, रांझीचे एक सरदारजीकाका होते, आणि आमच्याच गल्लीतल्या कुलकर्णीकाकू. बोलणं हिंदीत, मधेच मराठी, रागावणं ज्याच्या त्याच्या भाषेत. माईच्या हातचे दडपे पोहे सगळ्यांना लागत, आणि अण्णांच्या डब्यातल्या लिंबूभातावर आम्हा पोरांचा डोळा असे.

कलम करायला अण्णांनी शिकवलं. बाजारात तो लाल चेंडूसारखा कॅक्टस मिळतो ना, त्याच्या अंगात हिरवा रंगच नसतो, त्यामुळे तो स्वतःच्या जिवावर जगू शकत नाही. जपानात वातानाबे नावाच्या माणसाला १९४१ साली रोपांमध्ये असं लाल पिल्लू सापडलं आणि त्याने ते हिरव्या खोडावर बसवून वाचवलं. अण्णा दाढीचं नवं पातं घेत, स्पिरिटने पुसत, आणि खालचं खोड नि वरचा चेंडू दोन्ही सपाट कापत. मग मला जवळ बोलावून दाखवत: कापावर मधोमध एक फिकट कडं दिसतं. या कड्याला ते कडं भिडलं पाहिजे, निदान एका बाजूला तरी. वरून लोकरीचा धागा आडवा-उभा ताणून बांधायचा आणि सावलीत ठेवून द्यायचं. नुसत्या तुकड्याची तऱ्हा वेगळी. तो आठवडाभर कोरडा पडू द्यायचा, कापावर खपली धरली की मगच वाळूत टोचायचा. ओला लावाल तर कुजेल.

कुजणं हा आमच्याकडचा खरा शत्रू. जबलपूरला वर्षाला तेराशे-चौदाशे मिलिमीटर पाऊस. वाळवंटातल्या झाडाने इथे जगावं तरी कसं! म्हणून नर्मदेची जाड वाळू, विटांचा चुरा, थोडा कोळसा, कुजलेला पाला आणि मूठभर निंबोळी पेंड असं मिश्रण नाना स्वतः चाळून करत. मृग लागायच्या आधी सगळे गमले पत्र्याखाली जात. मेमधल्या उन्हाने पोळलेले ते गमले गोणपाट गुंडाळून उचलावे लागत.

माईला काटे घरात खपत नसत. काटेरी झाडाने घरात भांडणं होतात, अशी तिची समजूत. म्हणून ही सगळी सेना छतावर. एक ब्रह्मकमळ मात्र तिच्या तुळशीजवळ मानाने बसलेलं. तेही मेक्सिकोकडचं कॅक्टसच आहे, हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ निराळं, हे नानांनी तिला कधीच सांगितलं नाही. मला ते त्यांच्या मायेचं मोठं लक्षण वाटतं. पावसाळ्यात कळी मान वर करू लागली की गल्लीत निरोप जाई. रात्री नऊनंतर लोक जमत. माई कळीला हळदकुंकू वाही, केशरी दूध होई, आणि नाना कमानिया गेटकडून बडकुलची खव्याची जिलबी आणून ठेवत. मध्यरात्रीपर्यंत फूल पुरतं उमले. सकाळी माना टाकलेली फुलं बघून आम्ही रडायचो, तेव्हा माई आम्हाला एक पान कापून लावायला देई. ते पान म्हणजे खरं तर चपटं खोड, त्यातूनच नवं झाड येतं.

एकदा रतलामला लग्नाला गेलेले नाना वाट वाकडी करून सैलानाच्या राजवाड्यातली कॅक्टसची बाग बघून आले. परत आल्यावर महिनाभर घरात लग्नाचा विषय निघाला नाही, सगळं बोलणं त्या बागेचं. पंचकुल्याला १९८७ साली सात एकरांवर डॉ. सरकारियांनी राष्ट्रीय कॅक्टस उद्यान उभं केलं, तिथे जायचं मात्र राहून गेलं. अमेरिकेत १९२९ साली अशा हौशी लोकांची सोसायटी निघाली आणि ब्रिटनमधल्या दोन संस्था १९८३ साली एक झाल्या, हे नाना अभिमानाने सांगत, जणू आपल्याच भावकीत काही घडलं आहे.

२२ मे १९९७च्या पहाटे जबलपूर हादरलं. आम्ही अंगणात धावलो आणि वरून एकेक गमला फुटल्याचा आवाज ऐकत राहिलो. शहरात माणसं गेली, घरं पडली; त्यापुढे गमल्यांचं काय, म्हणून नाना दोन दिवस छतावर गेलेच नाहीत. मग हळूहळू मंडळी आपणहून आली. खापरांतून तुकडे वेचले, सावलीत वाळवले आणि आपसांत वाटून घेतले. आज आमच्याकडे जे आहे ते बहुतेक त्या वाटणीतलं.

नाना प्रत्येक गमल्यात पत्र्याची पट्टी खोचत. खिळ्याने ठोकून तिच्यावर लिहिलेलं असे ते झाडाचं नाव नव्हे, देणाऱ्याचं. ‘अण्णा’, ‘दादा’, ‘काकू’. आता त्यांतलं कुणीच उरलं नाही. पट्ट्या गंजल्या आहेत, पण बोट फिरवलं की अक्षरं लागतात. त्या मंडळींचा दुसरा कुठलाही इतिहास शिल्लक नाही.

तुमच्याही गच्चीवर आजोबांच्या वेळचं एखादं काटेरी झाड असेल, आजीचं ब्रह्मकमळ असेल. ते कुणाकडून आलं हे सांगणारं माणूस घरात आहे तोवर विचारून घ्या, आणि लिहून गमल्यात खोचा. जमलं तर एक तुकडा शेजारी द्या, वाळवून.