एका मालमोटारीचा जीर्णोद्धार

जयपूरचे नाव काढताच महाराष्ट्रीय वाचकाच्या डोळ्यांपुढे हवामहालाची गवाक्षे, आमेरचा किल्ला आणि सवाई जयसिंहाची वेधशाळा उभी राहते. मालमोटार उभी राहत नाही. तथापि या नगरात वास्तव्य करीत असता, एका जुन्या फार्गो मालमोटारीच्या पोटाखाली रविवारच्या रविवारी आडवे होण्याचा उद्योग आम्ही गेली काही वर्षे आरंभिला आहे. आम्ही यंत्रविद्येचे पदवीधर नव्हे, की पेशाने मिस्त्री नव्हे, केवळ हौशी. परंतु हौशी माणसाला एक लाभ असतो. त्याला घाई नसते, आणि म्हणून प्रत्येक बोल्ट सोडविताना तो येथे आला कसा, हे विचारण्यास त्याला सवड मिळते. त्या विचारण्यातून जो इतिहास हाती लागला, आणि त्याने आमच्यापुढे जो पेच टाकला, त्याची हकीकत येथे सांगावयाची आहे.

हिंदुस्थानात मालमोटारी प्रथम आल्या त्या परदेशी कारखान्यांतून, आणि पुढे बऱ्याचशा सुट्या भागांच्या पेट्यांतून. फोर्ड कंपनीची येथील शाखा १९२६ साली निघाली. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईस जोडणीचा कारखाना घातला. येथे जोडणी होई, निर्मिती नव्हे. दुसऱ्या महायुद्धाने या व्यवहाराला मोठी गती दिली. एकट्या कॅनडाने त्या काळात आठ लाखांहून अधिक लष्करी वाहने तयार केली, आणि त्यांपैकी कित्येक या देशात येऊन पोचली. युद्ध संपताच सैन्याला नकोशा झालेल्या गाड्या विक्रीस निघाल्या. ज्यांनी काल तोफा व शिधा वाहिला, त्याच गाड्या उद्या धान्य, दगड आणि उतारू वाहू लागल्या. ज्याला चालविता येई तो ड्रायव्हर झाला, आणि ज्याला ती बंद पडल्यावर पुन्हा चालू करता येई तो मिस्त्री.

आमच्या फार्गोचे गोत्र मात्र निराळे. आणि महाराष्ट्रीय वाचकांस त्याचे अगत्य वाटावे. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी मोटारीच्या कारखान्याचा ध्यास घेतला होता. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी त्यांनी करार केला, १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही संस्था स्थापिली आणि १९४७ साली मुंबईजवळच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, डिसोटो आणि फार्गो ही त्यांच्या मालमोटारींची नावे. यंत्र बहुतांशी एकच, पण विक्रेत्यांच्या सोयीसाठी मुखवटे तीन. कपाळावरील नावाचा पत्रा बदलला की डॉजची फार्गो व्हावी, असा तो प्रकार होता.

१९५३ साली या धंद्याचे चित्र पालटले. ज्या कंपन्यांपाशी येथेच भाग तयार करण्याची योजना नाही त्यांनी केवळ जोडणी करीत राहू नये, असे सरकारी धोरण ठरले. आणि त्यापुढे अल्पावधीतच फोर्ड व जनरल मोटर्स यांनी येथील गाशा गुंडाळला. धोरण देशहिताचे होते यात शंका नाही. परंतु त्यांच्या ज्या गाड्या रस्त्यावर होत्या, त्या एका अर्थी पोरक्या झाल्या. कुर्ल्याच्या गाड्या तशा पोरक्या नव्हत्या. तरी बाहेरून येणारा सुटा भाग त्यांनाही महाग पडे व उशिरा मिळे. अशा वेळी कारखान्याचे काम गल्लीतल्या लेथने उचलले. जुन्या बुशाचे माप घेऊन नवा कातावा, मोडलेल्या पाट्याच्या जागी दुसऱ्या गाडीचा पाटा कापून बसवावा, एका कंपनीच्या चाकाला दुसरीचे बेअरिंग चालते हे हाताने पडताळून पाहावे, अशी एक अलिखित विद्या निर्माण झाली. जयपूरला तिचा एक आधारही होता. १९४६ साली येथे नॅशनल बेअरिंग कंपनी निघाली आणि १९५० पासून तिची बेअरिंगे बाजारात येऊ लागली.

आमच्या गाडीचे बॉनेट प्रथम उघडले तेव्हा या अलिखित विद्येचाच पुरावा समोर आला. क्रायस्लरच्या त्या काळच्या मालमोटारींत पेट्रोलचे सहा सिलिंडरांचे इंजिन असे. त्याच्या झडपा सिलिंडरांच्या कुशीला असत. त्यामुळे वरचे हेड म्हणजे निव्वळ एक झाकण, आणि ते उचलून दट्ट्यांची अवस्था पाहणे हौशी माणसालाही जमावे इतके सोपे. आमच्या गाडीत ते इंजिन नव्हतेच. त्याच्या जागी पर्किन्सचे पी-६ जातीचे डिझेल इंजिन बसलेले होते. इंग्लंडमधील पीटरबरोच्या या कंपनीने ते १९३७ साली काढले, आणि पुढे मद्रासच्या सिम्प्सन कंपनीने पर्किन्सची इंजिने या देशात तयार केली. डिझेल पेट्रोलहून स्वस्त, आणि तितक्याच इंधनात मजलही अधिक. म्हणून पेट्रोलच्या मालमोटारींत डिझेलचे इंजिन बसविण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली.

परंतु ‘बसविणे’ हा शब्द जितका सोपा, तितके ते काम सोपे नव्हे. पेट्रोलला ठिणगी लागते. डिझेलच्या इंजिनात हवाच दाबून इतकी तप्त करतात की आत फवारलेले तेल आपोआप पेट घेते. हा दाब सोसणारे इंजिन जड असते, आणि त्याचे हादरेही मोठे. सांगाड्यावर त्याच्यासाठी नव्या बैठका कापून जोडलेल्या आम्हांस आढळल्या. सहा व्होल्टांची मूळ विद्युत्‌योजना त्याला फिरविण्यास अपुरी, म्हणून ती काढून बारा व्होल्टांची घातलेली. मूळ गिअरपेटीशी सांधा जुळावा म्हणून मधे एक जाड लोखंडी चकती कातून बसविलेली, आणि तिच्यावर छिद्रे आखताना ओढलेल्या वर्तुळरेषा अद्याप दिसतात. कोणी ओढल्या? त्याचे नाव कोठेही नाही. त्याने काम पुरे केले, मजुरी घेतली, आणि तो पुढच्या गाडीकडे वळला.

येथेच आमचा पेच उभा राहिला. जीर्णोद्धार करावयाचा तर गाडीला कोणत्या वयात परत न्यावयाचे? हौशी मंडळींत ‘मूळ स्वरूप’ या शब्दाला मोठा मान आहे. २०२१ साली केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसंबंधी जे नियम केले, त्यांतही हीच दृष्टी आहे: वाहन पन्नास वर्षांहून जुने असावे, मूळ स्वरूपात राखलेले असावे आणि त्यात मोठे फेरफार झालेले नसावेत. त्या नियमांचा रोख मुख्यतः खाजगी वाहनांकडे आहे. तरी आमच्या स्नेह्यांचा सल्ला त्याच धर्तीचा पडला. पर्किन्स काढा, कोठून तरी पेट्रोलचे इंजिन मिळवा, मग गाडी खरी होईल. पण पेट्रोलवर ती काही थोडीच वर्षे धावली असेल. पुढील सारे आयुष्य तिने या परक्या इंजिनावर काढले. तिचे खरे रूप कोणते, जन्माचे की कर्माचे?

या प्रश्नावर विचार करीत असता आम्हांस जयसिंहाची आठवण झाली, आणि ती केवळ स्थानमाहात्म्यामुळे नव्हे. मुहम्मदशहाच्या नावे रचलेल्या आपल्या खगोलकोष्टकांच्या प्रस्तावनेत या राजाने पितळी यंत्रांविषयी तक्रार केली आहे. यंत्रे लहान, त्यांचे आस झिजतात व हलतात, मध्यबिंदू सरकतात, म्हणून वेध चुकतात, असा तिचा आशय आहे. मालमोटारीच्या पुढल्या चाकाची किंगपिन झिजली की मिस्त्री हेच बोलतो: धुरी हलते, म्हणून चाक भरकटते. मिस्त्री नवा बुश ठोकतो. राजाने दगडचुन्याची प्रचंड यंत्रे उभारली. तीही काळाच्या झिजेतून सुटली नाहीत. १९०१–०२ मध्ये लेफ्टनंट गॅरेट यांच्या देखरेखीखाली, चंद्रधर शर्मा गुलेरी यांच्या साहाय्याने, वेधशाळेचा जीर्णोद्धार करावा लागला. २०१० साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून गौरविली ती वेधशाळा ही अशी दुरुस्त झालेली आहे. तिच्यावर फिरलेल्या पुढच्या हातांमुळे तिला कोणी खोटी म्हणत नाही.

दुरुस्तीच्या विद्येला कमी लेखणाऱ्यांनी याच शहरातील आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. १९६८ च्या सुमारास सवाई मानसिंह रुग्णालयाचे डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी ‘जयपूर फूट’ या नावाने पुढे जगप्रसिद्ध झालेले कृत्रिम पाऊल सिद्ध केले. रामचंद्रांचे शालेय शिक्षण अगदी थोडे. सायकलचे चाक बसले म्हणून ते टायरच्या दुकानी थांबले असता मालमोटारीच्या टायरवर रबर चढविण्याची क्रिया त्यांनी पाहिली, आणि त्यावरून साच्यात रबर भाजून पाऊल घडविण्याची कल्पना सुचली, असे सांगतात. डॉ. सेठी यांना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार लाभला. अनवाणी चालता येणारे, मांडी घालून बसता येणारे हे पाऊल हजारोंना उभे करून गेले. आणि त्याची एक मुळी टायर दुरुस्तीच्या दुकानात रुजलेली आहे.

आम्ही पर्किन्स ठेवावयाचे ठरविले. किंगपिनचे बुश नवे कातून घेतले, ब्रेकच्या नळ्या बदलल्या, गंजलेला पत्रा कापून नवा जोडला. परंतु त्या अनामिक मिस्त्रीच्या बैठका आणि वर्तुळरेषांची ती चकती यांस हात लावला नाही. आम्ही केलेला प्रत्येक बदल मात्र तारखेसह एका वहीत लिहून ठेवीत आहो. जुन्या उस्तादांची विद्या हातातून हातात जाई. आता त्यांचे चेले नव्या गाड्यांकडे वळले. टाकी कोरडी पडल्यावर तेलाच्या नळीतील हवा कशी काढावी, स्क्रू किती आटे सैल करावा, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप किती वेळ दाबावा, हे सांगणारी माणसे विरळ होत आहेत. यंत्र संग्रहालयात ठेवता येते. हाताची ही जाण ठेवता येत नाही. ती एक तर कोणी शिकून घ्यावी, नाही तर लिहून ठेवावी.

राजवंशांची वंशावळ लिहिणारे आपल्याकडे पुष्कळ झाले. ज्यांनी या देशाचे धान्य, दगड आणि माणसे वाहणारी चाके फिरती ठेविली, त्यांची वंशावळ अद्याप लिहिली गेलेली नाही. परप्रांती वसलेल्या महाराष्ट्रीयांनी आपापल्या गावी, आपापल्या गल्लीत, अशा एखाद्या वृद्ध मिस्त्रीजवळ तासभर बसून त्याचे बोलणे टिपून घेतले, तर तीही इतिहासाची सेवाच होईल.