अण्णांचा हरकत अर्ज

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली काढली. आमच्या घरची जी मंडळी हे वाचतायत त्यांना ती ट्रंक माहीत आहेच. तीच, जिच्या कडीने प्रत्येकाचं बोट एकदा तरी चेमटलेलं आहे. आत जुन्या पावत्या, आजीची औषधांची यादी, वाळवीने अर्धवट खाल्लेलं एक पंचांग आणि तळाशी कार्बन कॉपीचे चार कागद. ‘माननीय मुख्याधिकारी साहेब यांसी’ अशी सुरुवात, साल १९७७. विषय : प्रारूप विकास योजनेतील आरक्षणास हरकत.

अण्णा म्हणजे माझे आजोबा. प्राथमिक शिक्षक. गावाबाहेर बावीस गुंठ्यांचा एक तुकडा होता, निवृत्तीनंतर तिथे घर बांधायचं त्यांच्या मनात होतं. नगरपालिकेची विकास योजना आली (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही) आणि त्या तुकड्यावर खेळाच्या मैदानाचं आरक्षण पडलं. अण्णांना ते कळलं वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरच्या बारीक टायपातल्या जाहिरातीवरून. बाबा सांगतात, नकाशा पालिकेच्या जिन्याजवळ काचेच्या चौकटीत लावला होता. रंगांचा खुलासा इंग्रजीत. अण्णा दोन दिवस शाळा सुटल्यावर तिथे उभे राहून बटरपेपरवर तो नकाशा उतरवत होते, कारण सर्व्हे नंबर इतक्या लहान अक्षरात होते की नक्की आपलीच जमीन आहे का हे कळत नव्हतं. शेवटी शिपायाने दया येऊन स्टूल दिलं.

अर्ज मात्र वाचण्यासारखा आहे. अण्णांनी ‘माझी जमीन सोडा’ एवढंच लिहिलेलं नाही. गावाला मैदान हवंच, असं स्वतःच म्हणून पुढे शाळेच्या मागची सरकारी पड जमीन सुचवली आहे, सर्व्हे नंबरसकट. शेवटी मुलं कुठून चालत येतील याचा हिशोब, अंतर फर्लांगात! सुनावणीला बोलावलं, नाव पुकारलं, अर्ज मिळाला आहे असं सांगितलं, आणि झालं. आरक्षण कायम.

हे सगळं लहानपणापासून ऐकलेलं. पण कागद हातात आल्यावर वेगळंच कुतूहल वाटलं. लोकांना विचारायची ही पद्धत आली कुठून? मी काही नगररचनाकार नाही, पण थोडं वाचलं, तेच इथे लिहितोय.

आपल्याकडे नगररचनेचा पहिला कायदा १९१५ चा, मुंबई इलाख्याचा. मग १९५४ चा आला आणि आज चालतो तो १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा. ‘हरकती व सूचना’ हा आपल्या कानावरून गेलेला जोडशब्द त्यातलाच. आधी योजना तयार करायची, मग ती प्रसिद्ध करायची, मग लोकांनी लेखी हरकत घ्यायची, समितीने ऐकायची, शेवटी सरकारने मंजुरी द्यायची. म्हणजे लोक येतात ते पेन्सिलची शाई झाल्यावर. अण्णांची ‘सूचना’ ही त्या व्यवस्थेच्या दृष्टीने हरकतच होती.

गंमत म्हणजे १९१५ च्याच सुमारास अगदी उलटं सांगणारा एक माणूस हिंदुस्थानभर पायी फिरत होता. पॅट्रिक गेडिस, स्कॉटिश, मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ. आधी गल्ल्यांतून चाला, माणसं, विहिरी, झाडं बघा आणि मग नकाशाला हात घाला, असा त्याचा हेका. होळकरांच्या इंदुरात प्लेगचे दिवस होते. या गृहस्थाने तिथे दिवाळीला एक भलीमोठी मिरवणूक काढली, त्यात प्लेगचा अवाढव्य उंदीरही होता. मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाणार? तर जिथल्या लोकांनी घरं आणि रस्ते सर्वांत स्वच्छ केले असतील त्या. सगळं शहर झाडायला लागलं म्हणतात. १९१८ मध्ये त्याचा इंदूरचा अहवाल निघाला, १९१९ मध्ये तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. गो. स. घुर्ये त्याचेच विद्यार्थी. माणूस असा आपल्या इतक्या जवळ होता, पण कायद्यात त्याचं चालणं उतरलं नाही, जिन्याजवळची काचेची चौकट तेवढी उतरली.

पुढे लोक शहाणे झाले, त्यांनी त्या चौकटीचाही भरपूर उपयोग केला. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा ऐंशी हजारांच्या वर हरकती आल्या. (२०१५ मध्ये सरकारने तो स्वतःकडे घेतला आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला.) मुंबईचा २०१५ चा मसुदा लोकांनी वाचायला घेतला तर उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले, वारसा इमारतींच्या नोंदी चुकलेल्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो दुरुस्त करून पुन्हा आणायला सांगितला, सुधारित आराखडा लागू व्हायला २०१८ उजाडलं. घरंदारं ओळखणाऱ्यांनी नकाशा पाहिल्याबरोबर चुका सापडल्या. मग त्यांना आधीच का दाखवू नये?

तर, एकदा तसं झालं होतं. महाराष्ट्रात नाही, गोव्यात. आणि ते मला पुस्तकातून नाही, आत्याकडून कळलं.

आत्या म्हणजे अण्णांची थोरली मुलगी, १९७३ मध्ये लग्न होऊन गोव्यात गेली. कुळागर, घरामागे डोंगर, पुढे शेत. अर्ज सापडल्याचं फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “अरे, आम्हीपण नकाशा केलेला. अख्ख्या गावाने!”

पार्श्वभूमी अशी. ऑगस्ट २००६ मध्ये गोव्याचा ‘प्रादेशिक आराखडा २०११’ अधिसूचित झाला. लोकांनी नकाशे नीट पाहिले ते त्यानंतर. कुठे डोंगरउतार, कुठे बागायत, एकदम ‘सेटलमेंट’, म्हणजे बांधकामाला मोकळीक. डिसेंबरात गोवा बचाव अभियान उभं राहिलं, डॉ. ऑस्कर रिबेलो निमंत्रक होते, पणजीच्या आझाद मैदानावर मोठी सभा झाली. २६ जानेवारी २००७ ला मुख्यमंत्री प्रतापसिंह राणे यांनी आराखडा रद्द करत असल्याचं जाहीर केलं. अधिसूचित झालेला अख्खा आराखडा लोकांच्या रेट्याने मागे! मला तरी दुसरं असं उदाहरण आठवत नाही.

मग नव्या आराखड्यासाठी कृती दल नेमलं, त्यात चार्ल्स कोरिया होते. पणजीची कला अकादमी ज्यांची, तेच. जंगलं, पाण्याच्या जागा, खाजन जमिनी वगैरे पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून वेगळ्या काढल्या, आणि पुढचं महत्त्वाचं : मसुद्याचे गावागावांचे नकाशे पंचायतींकडे पाठवले. ग्रामसभांनी ते पाहायचे, दुरुस्त करायचे, परत पाठवायचे.

आत्याच्या गावात नकाशा देवळाच्या मंडपात आणला. सतरंजीवर अंथरला, कोपऱ्यांवर नारळ ठेवले वारा येतो म्हणून. पहिला अर्धा तास कुणालाच काही कळेना, मग एका मुलीने नदी दाखवली आणि तिथून सगळे आपापलं घर शोधत गेले. एक म्हातारबा बराच वेळ वाकून बघत होते. शेवटी विचारलं, “आमची झर खंय?” ज्या झरीचं पाणी निम्म्या गावाच्या कुळागरांना जातं ती नकाशात नव्हतीच. तांबड्या पेनाने तिथे खूण केली. मग मानशीच्या दारांची जागा, गुरांची वाट, पावसात भरणारा खड्डा. असं तीन रविवार चाललं.

आत्या मात्र हे फार गोड करून सांगत नाही. दुसऱ्या रविवारी कडाक्याचं भांडण झालं. डोंगराचा उतार हिरवा ठेवायचा ठरत होतं तर एकजण उठला, म्हणाला, “तुमची घरं झाली बांधून. माझ्या पोराने कुठे बांधायचं?” त्याला शेत नव्हतं, कुळागर नव्हतं, होता तो उतारावरचा तुकडा. आत्याच्या दिराचा तर जमिनीचा सौदा ठरत आलेला, तो महिनाभर तिच्याशी बोलला नाही. त्या पोराच्या घरासाठी वस्तीलगतची थोडी जागा सुचवली गेली. म्हणजे अण्णांनी शाळेमागची जमीन सुचवली होती तसंच! फरक एवढाच, की इथे ऐकणाऱ्यांना ती जागा माहीत होती आणि तो माणूसही.

२०११ पर्यंत तालुक्यांचे नकाशे अधिसूचित झाले. गावांनी लिहिलेलं सगळं त्यात उतरलं का? नाही, त्यावरूनही आरडाओरडा झालाच. २०१२ मध्ये सरकार बदललं, मनोहर पर्रीकरांनी आराखडा स्थगित ठेवला. २०१८ मध्ये तो पुन्हा चालू करताना कायद्यात १६ब कलम आलं, एकेका जमिनीचा झोन अर्जावर बदलण्याची वाट. २०२३ मध्ये १७(२) आलं. त्याचं कारण वाचून मी चाट पडलो : आराखड्यात अनवधानाने राहिलेल्या चुका दुरुस्त करणं! चुका तर सतरंजीवर बसून म्हातारबाही दुरुस्त करत होते. पण ते गावासमोर. इथे एकेका सर्व्हे नंबरापुरती दुरुस्ती, ग्रामसभेला विचारायचं कारण नाही. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने या कलमाखालचे नियम रद्द केले. २०२४ मध्ये आणखी एक कलम आलं होतं, ३९अ, तेही झोनबदलाचंच, त्यात तीस दिवसांत हरकती मागवायची तरतूद आहे. पुन्हा आपली वर्तमानपत्रातली जाहिरात.

आमच्या बावीस गुंठ्यांचंही हेच झालं. मैदान पालिकेने कधी केलं नाही. (आम्ही मात्र तिथे दहा वर्षं क्रिकेट खेळलो, तेव्हा योजना अगदीच फसली असं मला तरी म्हणवत नाही.) आरक्षित जमिनीला भाव येत नाही म्हणून बाबा-काकांनी १९९४ मध्ये ती मिळेल त्या किमतीत विकली. दोन वर्षांनी आरक्षण उठलं. आता तिथे तीन इमारती आहेत आणि गावातली पोरं रस्त्यावर खेळतात. त्या बदलाचीही जाहिरात आतल्या पानावर रीतसर आली असणार. वाचायला अण्णा नव्हते. काकांना अजून घर गेल्याची चुटपुट आहे. मला, खरं सांगायचं तर, मैदान गेल्याची जास्त आहे. काका, रागावू नका.

आत्याकडे गावाच्या नकाशाची झेरॉक्स आहे, तांबड्या खुणांसकट. झेरॉक्समध्ये तांबडं काळं झालं म्हणून तिने घरी बसून पुन्हा तांबड्या पेनाने गिरवलं. तिने त्याचा फोटो पाठवला, मी अण्णांच्या अर्जाचा पाठवला. लगेच फोन आला, शेवटच्या पानाच्या मागे काही आहे का बघ.

होतं. पेन्सिलने काढलेल्या रेघा, रकाने, त्यात नावं आणि आकडे. काकांचं अक्षर. कुठल्यातरी मॅचचा स्कोअर, आणि बाबा शून्यावर आउट.