मोहोराची गळती

रत्नागिरीचा हापूस मोहोरला, की झाड फुलांनी लहडते. परंतु फळ धरते मोजक्याच फुलांना. बाकीचा मोहोर गळतो. मनुष्याच्या उरोस्थीमागील थायमस ग्रंथीतही अशीच गळती चालते. १९६१ साली लंडनमध्ये जॅक मिलर यांनी नवजात उंदरांची ही ग्रंथी काढली, तेव्हा त्यांची रोगप्रतिकारशक्ती खचली. रक्षक टी-पेशी तेथेच घडतात. १९७२ साली पेशींच्या नियोजित मृत्यूला ‘अपॉप्टोसिस’ हे नाव मिळाले. त्या ग्रीक शब्दाचा अर्थही फुलापानांचे गळणे हाच. पुढे १९८७ साली अमेरिकेत कॅपलर व मॅरॅक यांनी दाखविले, की स्वकीयांवरच उठणाऱ्या कोवळ्या पेशी थायमसमध्येच नष्ट होतात. जिला स्वकीयांची ओळखच पटत नाही, तीही मरते. शंभरांतून जेमतेम पाच बाहेर पडतात. स्वकीयद्रोही पेशी निसटली, तर शरीर स्वतःशीच झुंजू लागते. म्हणून हा संहार हेच संरक्षण होय.