मोटारीत रेडिओ वाजला तेव्हा…

१/ घरगुती रेडिओ थेट विजेवर चालू लागले आणि शिकागोच्या पॉल गॅल्विन यांच्या बॅटरी एलिमिनेटरची मागणी आटली. त्यातच १९२९ची पडझड. तगून राहण्यासाठी त्यांनी मोटारीत बसणारा रेडिओ घडवायचे ठरवले.

२/ खरा शत्रू होता इंजिन. स्पार्क प्लगची प्रत्येक ठिणगी रेडिओत खरखर होऊन उमटे. इग्निशनच्या तारांवर सप्रेसर बसवून ती दाबावी लागली.

३/ जून १९३०. अटलांटिक सिटीत रेडिओ उत्पादकांचे अधिवेशन भरले. गॅल्विन यांचे तेथे दालन नव्हते. त्यांनी आपली स्टुडबेकर बाहेरच उभी करून आवाज वाढवला. येणारेजाणारे थबकले; मागण्या आल्या.

४/ ‘मोटार’ आणि ‘व्हिक्ट्रोला’तील ‘ओला’ यांतून ‘मोटोरोला’ जन्मले. १९४७ साली कंपनीनेही तेच नाव धारण केले. आजही गाडीतील ध्वनियंत्रणेची खरी परीक्षा इंजिन सुरू करूनच होते.